ओपीडीतला सिफिलिस: शंभरात किती, आणि ते शंभर कोणते?

केसपेपर (धागाकर्ता)

"सरकारी दवाखान्यात येणाऱ्या इतक्या टक्के लोकांना गरमी", म्हणजे सिफिलिस, असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. त्यातला आकडा इथे देत नाही, कारण तो कुठल्या रुग्णालयाचा, कुठल्या विभागाचा, कुठल्या तपासणीवरून काढलेला, यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. खाली प्रतिक्रिया मात्र भरपूर. निम्मे लोक समाज रसातळाला चालल्याचं सांगत होते, उरलेले हॉस्पिटलच्या बाकावर बसावं की नाही या काळजीत.

बाकाचं आधी मिटवतो. सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, शरीराबाहेर अगदी लेचापेचा. वाळला की मेला. तो लैंगिक संबंधातून पसरतो, गरोदर आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो, क्वचित रक्तातून. बाक, नळ, संडास यांतून नाही.

आता आकडा. मी त्वचा-गुप्तरोग शाखेचा. काही वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, आता तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. मोठ्या रुग्णालयात 'ओपीडी' नावाची एकच गोष्ट नसते हे बाहेरच्यांना लक्षात येत नाही. सिफिलिससाठी रक्त निरनिराळ्या दारांतून घेतलं जातं. गुप्तरोगाच्या खोलीत, ज्याला आता सरकारी पाटीवर 'सुरक्षा क्लिनिक' म्हणतात, माणूस जखम किंवा चट्टे घेऊनच येतो. गरोदर बायकांच्या ओपीडीत कुणालाही काही होत नसताना सरसकट सगळ्यांचं रक्त तपासतात. रक्तपेढीत दात्याच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, मलेरिया आणि सिफिलिस अशी पाच तपासण्यांची सक्ती आहे, पण तिथे प्रश्नावलीच्या चाळणीतून काही लोक आधीच परत गेलेले असतात. एआरटी केंद्रात एचआयव्हीबाधितांची तपासणी होते. काही ठिकाणी ऑपरेशनआधी सगळ्यांचीच. आणि डोळ्यांच्या, कानाच्या, मेंदूच्या डॉक्टरांना शंका आली तर त्यांच्याकडूनही चिठ्ठी येते.

गरोदर बायकांमधलं प्रमाण देशपातळीवर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. सुरक्षा क्लिनिकमधलं त्याच्या कितीतरी पट. दोन्ही खरे, आणि दोन्ही एकाच इमारतीतले. त्यातला दुसरा उचलून 'दवाखान्यात येणाऱ्यांचा टक्का' म्हणून छापणं म्हणजे वडापावच्या गाडीपाशी उभं राहून गावातले किती लोक भुकेले आहेत ते मोजणं.

आमच्या आधीची पिढी सांगायची की एकेकाळी गुप्तरोगाच्या ओपीडीत सिफिलिस, मऊ जखमेचा शँक्रॉइड, जांघेत गाठ येऊन फुटलेली बद, चरत जाणाऱ्या जखमेचा डोनोव्हॅनोसिस हे सगळं एका सकाळी पाहायला मिळे. मी शिकत होतो तेव्हा शेवटची दोन पुस्तकातच जास्त भेटली. मोठ्या रुग्णालयांच्या जुन्या-नव्या नोंदी लावून पाहिल्या तर जिवाणूंचे गुप्तरोग घटत गेलेले दिसतात, नागीण (गुप्तांगावरची, हर्पीसची) आणि चामखिळीसारखे विषाणूंचे रोग त्यांची जागा घेताना दिसतात. सिफिलिसही बराच उतरला होता. अलीकडे तो शहरांमधून परत डोकं वर काढतोय आणि तरुण डॉक्टरांनी तो कधी पाहिलेलाच नसल्याने तळहातावरच्या चट्ट्यांना ॲलर्जी म्हणून मलम देऊन पाठवलं जातं.

लोकांनी आपापल्या अनुभवाचं लिहावं. फक्त एक विनंती, कुणाची ओळख पटेल असं काही नको.

—

अस्मानी

वाचनखूण साठवली. भीत भीत विचारते. माझ्या धाकट्या जावेला तिसरा महिना आहे. रिपोर्टवर 'व्हीडीआरएल वीकली रिॲक्टिव्ह' असं आलंय. घरात कुणी बोलत नाहीये, दीर तर जेवायलाही बाहेर बसतोय. ती रडतेय आणि मी काही चुकीचं केलं नाही म्हणतेय. याचा अर्थ नक्की काय घ्यायचा?

—

प्रयोगशाळेतून

अस्मानीताई, आधी जावेला जवळ घेऊन बसा. मग हे वाचा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हे रिपोर्ट रोज हातून जातात. 'वीकली रिॲक्टिव्ह' म्हणजे क्षीण प्रतिक्रिया. व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी, पण ती थेट जंतू शोधत नाही. जंतूमुळे शरीरातल्या पेशींची मोडतोड होते, त्यातून कार्डिओलिपिनसारख्या स्निग्ध पदार्थांविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात, ती आम्ही मोजतो. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, काचेवर अँटिजेनचा थेंब टाकून हलवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या धरतात का ते पाहायचं. हल्ली बऱ्याच ठिकाणी आरपीआर करतात. त्यात कोळशाचे कण असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

गोची अशी की अशी प्रतिद्रव्यं इतर कारणांनीही बनतात. मलेरिया, विषाणूचा ताप, कुष्ठरोग, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), म्हातारपण, आणि हो, नुसतं गरोदरपणसुद्धा. म्हणून रिॲक्टिव्ह आलं की दोन गोष्टी व्हायलाच हव्यात. एक, टायटर: सीरम निम्मं निम्मं पातळ करत कुठपर्यंत प्रतिक्रिया येते ते. एकास आठच्या खाली असलेला निकाल बऱ्याचदा खोटा निघतो, पण नेहमीच नाही, जुन्या किंवा अगदी ताज्या आजारातही तो तेवढाच असू शकतो. दोन, टीपीएचए किंवा तत्सम तपासणी, जी खुद्द ट्रेपोनेमाविरुद्धची प्रतिद्रव्यं पाहते. ती होईपर्यंत 'वीकली रिॲक्टिव्ह' म्हणजे निदान नव्हे.

उलटही होतं. दुसऱ्या टप्प्यात, अंगभर चट्टे असताना, प्रतिद्रव्यं इतकी जास्त असतात की न पातळ केलेल्या सीरममध्ये गुठळीच धरत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह जातो. याला प्रोझोन म्हणतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'दाट शंका आहे, पातळ करून पाहा' असं लिहिलं तर आम्ही करतो. नुसतं 'व्हीडीआरएल' खरडलेलं असेल आणि समोर दीडशे नळ्या असतील तर होत नाही. आणि जखम नवीन असताना, पहिल्या काही आठवड्यांत, तपासणी निगेटिव्ह येऊ शकते ते वेगळंच.

तेव्हा कुणी 'ओपीडीत इतके टक्के पॉझिटिव्ह' म्हणालं की माझा पहिला प्रश्न: कशावर पॉझिटिव्ह? फक्त व्हीडीआरएलवर, की दोन्हींवर?

—

गणिती

वरच्या प्रतिसादाला जोड. हिशेबासाठी आकडे धरतोय, ते कुठल्याही रुग्णालयाचे नाहीत.

समजा गरोदर बायकांच्या ओपीडीत १००० जणी आल्या आणि त्यांतल्या २ जणींना खरोखर सिफिलिस आहे. तपासणी त्या दोघींना अचूक पकडते, पण निरोगी शंभरांपैकी एकीला खोटा पॉझिटिव्ह देते. म्हणजे आणखी जवळपास १० जणी. एकूण १२ पॉझिटिव्ह, त्यांतल्या खऱ्या २.

आता तीच तपासणी, तीच लॅब, पण सुरक्षा क्लिनिकचे १००० लोक आणि त्यांतल्या १०० जणांना खरा आजार. निरोगी ९०० पैकी ९ खोटे पॉझिटिव्ह. एकूण १०९, त्यांतले खरे १००.

रिपोर्टवरचा शब्द दोन्हीकडे सारखाच छापलेला असतो. जावेच्या बाबतीत तो बहुधा खोटा निघेल, ट्रक टर्मिनलजवळच्या क्लिनिकात तोच शब्द बहुधा खरा निघेल. आणि पहिल्या ओपीडीचं प्रमाण बातमीत देताना पत्रकार १.२ टक्के लिहिणार, जे खऱ्याच्या सहापट असेल.

—

टवाळ

एवढं गणित करण्यापेक्षा लोकांनी घरचं जेवण जेवावं. विषय संपला.

—

समुपदेशक_ताई

टवाळ, तुमच्या वाक्यावर उत्तर द्यायचं नव्हतं, पण नेमकं हेच वाक्य मला आठवड्यातून कितीदा तरी ऐकावं लागतं, तेव्हा देते.

पुण्यातल्या गुप्तरोग क्लिनिकांमध्ये १९९०च्या दशकात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने एक अभ्यास केला होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, डॉ. रमण गंगाखेडकर त्याचे प्रमुख लेखक. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसायचे तेच. क्लिनिकमध्ये आलेल्या ९१६ स्त्रियांपैकी ३९१ जणी देहविक्री करणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. बहुतेक विवाहित, आणि आयुष्यात एकच जोडीदार, नवरा. घरचंच जेवण जेवत होत्या त्या.

सिफिलिसचंही तेच. पहिल्या टप्प्यातली जखम दुखत नाही. पुरुषाला दिसते तरी, बाईला आतल्या बाजूला असेल तर कळतही नाही. काही आठवड्यांत ती आपोआप भरते. मग तळहात-तळपायांवर चट्टे, ताप, केस गळणं, तेही आपोआप जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. ही बाई ओपीडीत येणार कशाला? ती सापडते गरोदर राहिल्यावर, रक्त तपासल्यावर. आणि सापडल्यावर सासरचे विचारतात, "हिला कुठून झालं?"

आमच्याकडे नियम आहे की जोडीदारालाही तपासून उपचार द्यायचे. प्रत्यक्षात नवरा येत नाही. "मला काही होत नाही" म्हणतो. कामाच्या निमित्ताने बाहेरगावी असतो. बायको इंजेक्शन घेऊन बरी होते, दोन महिन्यांनी तो सुट्टीवर येतो, पुन्हा लागण. कागदावर मात्र ती दोनदा मोजली जाते आणि तो शून्यदा. ओपीडीच्या आकड्यात बायका जास्त दिसल्या तर कृपया आधी हे आठवा.

अस्मानी, तुमच्या दिरालाही रक्त द्यायला सांगा. शिक्षा म्हणून नाही. दोघांचा रिपोर्ट समोर असला की डॉक्टरांना निर्णय सोपा जातो. आणि बाळासाठी घाई करा, थांबू नका. आजार खरा असेल आणि उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काहीतरी वाईट घडतं: गर्भपात, मृत बाळ, कमी दिवसांचं बाळ, जन्मजात सिफिलिस. उपचार बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी झाले तर हे जवळजवळ सगळं टळतं. तिसऱ्या महिन्यात कळलंय, म्हणजे हातात भरपूर वेळ आहे.

—

टवाळ

माघार. प्रतिसाद काढून टाकणार होतो, पण खालचं उत्तर अर्धवट लटकेल म्हणून राहू देतो.

—

जुने_कागद

टक्क्यांच्या गोंधळावरून आठवलं. हा गोंधळ नवा नाही. इंग्रज सरकारला आपल्या गोऱ्या सैनिकांच्या गुप्तरोगांची इतकी धास्ती होती की १८६८ साली त्यासाठी भारतात सांसर्गिक रोगांचा कायदाच केला. देहविक्री करणाऱ्या बायकांची सक्तीने नोंदणी, सक्तीने तपासणी, आणि आजारी निघाली तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबणं. सैनिकांची तपासणी मात्र नाही. इंग्लंडात आणि इथेही ओरड झाली, १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. त्यानंतर लष्करी डॉक्टरांनी दाखवायला सुरुवात केली की बघा, प्रमाण वाढलं. १८९५च्या सुमारास गोऱ्या फौजेत गुप्तरोगांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण हजारी पाचशेच्या वर गेलं होतं.

ऐकायला भयानक, म्हणजे निम्मी फौज! पण ते दाखले आहेत, माणसं नव्हेत. एकच शिपाई वर्षात तीनदा दाखल झाला तर तीन. शिवाय त्यात परमा (गनोरिया), मऊ जखम, सिफिलिस सगळं एकत्र. आणि तेव्हा सिफिलिसचा जंतू कुणी पाहिलेलाही नव्हता. शाउडिन आणि हॉफमन यांनी तो बर्लिनमध्ये दाखवला १९०५ साली, वासरमानची रक्ततपासणी आली १९०६ मध्ये. त्याआधीचं निदान म्हणजे डोळ्यांनी पाहून.

अवांतर: सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात फिरंगरोगाचं वर्णन आहे, पोर्तुगीजांच्या संसर्गाने आलेला म्हणून. उपचारात रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि चोपचिनी. पाऱ्याने तोंड यायचं, लाळ गळायची, दात हलायचे. युरोपातही तेच चालू होतं. १९१०चं सालव्हार्सन आर्सेनिकचं, तेही विषारीच. खरा उतारा पडला १९४३ नंतर, पेनिसिलिनने.

—

झाडीपट्टी

मी विदर्भातला, आरोग्य खात्यात फिरतीवर होतो. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही गडचिरोलीच्या.

पहिली. १९८९च्या जानेवारीत डॉ. राणी बंग यांचा एक अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी, दवाखान्यात आलेल्यांची नव्हे, गावात राहणाऱ्यांची. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं, एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि याआधी अशी तपासणी कधी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आता विचार करा बाप्पा, त्या काळी जवळच्या रुग्णालयाच्या ओपीडीचं रजिस्टर कुणी उघडलं असतं तर काय दिसलं असतं? जवळजवळ काहीच नाही. इथे वर सगळे म्हणतायत की ओपीडीचा आकडा फुगलेला असतो. आमच्याकडे तो उलटा, सुकलेला होता. बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नाही तिथे ओपीडीचा शून्य म्हणजे आजार नाही असं नव्हे.

दुसरी. धाग्याच्या विषयात 'सिफिलिससारखे' आजारही येत असतील तर यॉज विसरू नका. त्याच जंतूची सख्खी उपजात, पेर्टेन्यू. पण हा लैंगिक आजार नाही. लहान पोरांना व्हायचा, उघड्या जखमेच्या स्पर्शाने, उष्ण दमट जंगलपट्ट्यात, जिथे पाणी-साबण दुर्मीळ. अंगावर रासबेरीसारखे लाल फोड, पुढे हाडं वाकडी. ओडिशा, आंध्र, मध्य प्रदेश-छत्तीसगड आणि आमच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी भागात होता. १९९६ला कोरापुट जिल्ह्यातून निर्मूलन मोहीम सुरू झाली, घरोघर जाऊन रुग्ण आणि त्याच्या संपर्कातले सगळे, एकेक इंजेक्शन. शेवटचा रुग्ण २००३ मध्ये नोंदला आणि २०१६ला जागतिक आरोग्य संघटनेने भारताला यॉजमुक्त जाहीर केलं.

आता यातली मेख. रक्ताची नेहमीची कुठलीही तपासणी यॉज आणि सिफिलिस वेगळे सांगू शकत नाही. व्हीडीआरएलही नाही, टीपीएचएही नाही. त्या भागातली सत्तरीची आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली आणि टीपीएचए पॉझिटिव्ह निघाली, तर ते लहानपणीचं यॉज असू शकतं. ज्युनियर डॉक्टर पोरगा तिच्याकडे बघून भुवया उंचावतो आणि केसपेपरवर 'सिफिलिस' लिहितो. त्यात आमच्या भागात कुष्ठरोगही बराच, म्हणजे व्हीडीआरएलला गोंधळायला आणखी एक निमित्त.

—

अस्मानी

खूप आधार वाटला सगळ्यांचा. टीपीएचएसाठी रक्त दिलंय. दिराला मी नाही, सासूबाईंनीच झापलं आणि तोही गेला. रिपोर्ट आला की लिहिते.

—

रत्नांग्रीकर

माझ्या चुलतभावाची वेगळीच कथा. आखातात जायचं म्हणून व्हिसाची मेडिकल केली. आमच्याकडे घरटी एक माणूस तिकडे, त्यामुळे मेडिकल म्हणजे सवयीचं. हा अनफिट. कारण सिफिलिसची तपासणी पॉझिटिव्ह. त्याला दहा-बारा वर्षांमागे झाला होता, त्याने स्वतः सांगितलं, तेव्हा मुंबईत रीतसर इंजेक्शनं घेऊन बरा झाला. आता काही त्रास नाही. एजंट म्हणतो आणखी इंजेक्शनं घे आणि परत टेस्ट कर, निगेटिव्ह येईल. खरंच येईल का?

—

प्रयोगशाळेतून

नाही येणार, एजंटला सांगा पैसे घालवू नकोस म्हणून. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांत जन्मभर तशीच राहते, कितीही इंजेक्शनं टोचली तरी. तिचा अर्थ 'कधीतरी झाला होता' एवढाच.

आजार आत्ता चालू आहे का, हे व्हीडीआरएलच्या टायटरवरून ठरवतात. उपचारानंतर ते निदान चौपट उतरायला हवं, म्हणजे एकास बत्तीसचं एकास आठ. काहींचं पूर्ण निगेटिव्ह होतं, काहींचं एकास दोन-एकास चारवर वर्षानुवर्षं रेंगाळतं आणि तेही चालतं. भावाकडे जुना उपचाराचा कागद आणि तेव्हाचं टायटर असेल तर सोनं समजा. आजचं टायटर काढून दोन्ही घेऊन गुप्तरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या. मेडिकल सेंटर ते मानेल की नाही हे त्यांच्या नियमांवर, त्याबद्दल मी शब्द देऊ शकत नाही.

आणि गणितीसाठी: ज्या सर्वेक्षणात फक्त टीपीएचए केली असेल तिथला टक्का म्हणजे आजचे रुग्ण अधिक आजवर बरे झालेले सगळे. पन्नाशीच्या पुढे तो चढत जाणारच.

—

ओहायोवाली

इथे अमेरिकेत प्रसूती विभागात नर्स आहे. भारतात हे सगळं गरिबीमुळे असं कुणाला वाटत असेल तर इथलं ऐका. २००० साली अमेरिका सिफिलिस संपवायच्या गोष्टी करत होती. २०२२ मध्ये सगळे टप्पे धरून २ लाखांच्या वर रुग्ण नोंदले गेले, १९५०नंतरचा सर्वांत मोठा आकडा. त्याच वर्षी ३,७०० च्या वर बाळं जन्मजात सिफिलिसची, २०१२च्या दहापट. दहातली जवळजवळ नऊ टाळता आली असती असं सरकारच म्हणतं, वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर.

मी एक बाळ पाहिलं आहे. जास्त लिहीत नाही. आई पूर्ण गरोदरपणात एकदाही डॉक्टरकडे गेली नव्हती. विमा नाही, राहायला जागा नाही. तिची पहिली 'ओपीडी' म्हणजे बाळंतपणाचा दिवस. झाडीपट्टी म्हणतात तो सुकलेला आकडा श्रीमंत देशातही असतो.

उलट श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा सिफिलिस आणि एचआयव्ही दोन्ही थांबवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेकडून मान्य करून घेतलं. क्यूबाने त्याआधी, २०१५ला, जगात सर्वप्रथम. या देशांकडे पैसा नाही, पण प्रत्येक गरोदर बाईचं रक्त घेणारी माणसं आहेत.

—

केसपेपर

प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी झालेत. झाडीपट्टी, यॉजबद्दल विशेष आभार. मी यॉजचा ताजा रुग्ण एकही पाहिलेला नाही आणि तेच बरं आहे.

उपचारांवर कुणी फार लिहिलं नाही, म्हणून थोडं. सिफिलिसचा जंतू पेनिसिलिनला आजही तितकाच घाबरतो जितका १९४३ मध्ये. सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं, एकदाच. जुना किंवा कधीचा ते माहीत नसलेला असेल तर दर आठवड्याला एक असे तीन डोस. गरोदर बाईला दुसरा पर्यायच नाही. ॲलर्जी असली तरी रुग्णालयात ठेवून, अगदी थोड्या डोसपासून चढत जाऊन, पेनिसिलिनच द्यायचं असतं. पहिल्या इंजेक्शननंतर काही तासांत काही जणांना थंडी वाजून ताप येतो, चट्टे भडकतात. ती बहुतेकदा औषधाची ॲलर्जी नसते, जंतू एकदम मेल्याची प्रतिक्रिया असते आणि दिवसभरात जाते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण पुढचे डोस सोडून देतो.

औषध स्वस्त आहे. अडचण वेगळीच. स्वस्त असल्याने कंपन्यांना त्यात रस नाही, बनवणारे मोजके, मग मधूनमधून बाजारातून गायब. आणि रिॲक्शनच्या भीतीने कितीतरी दवाखाने पेनिसिलिन टोचायलाच नकार देतात. संधिवाती हृदयरोगाच्या मुलांनाही हेच इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी लागतं, त्यांच्या आईबापांना विचारा काय धावपळ होते ती.

त्यामुळे माणूस जातो मेडिकलवाल्याकडे. तो ॲझिथ्रोमायसिनची पट्टी देतो. जखम भरते. ती तशीही भरणारच होती! जगभर या जंतूच्या अनेक वाणांनी ॲझिथ्रोमायसिनला दाद देणं सोडलंय. अर्धवट उपचार झालेला हा माणूस कुठल्याही ओपीडीच्या रजिस्टरात नाही. जुन्या काळच्या मानाने आमच्या खोलीतली गर्दी घटली त्यात एचआयव्हीच्या धसक्याचा आणि निरोधचा वाटा मोठा आहे, पण या पट्टीचाही आहे. कुणाचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

—

गणिती

एक शेवटची शंका. सुरक्षा क्लिनिकं देशभर एवढी आहेत, सगळी दर महिन्याला आकडे वर पाठवतात. मग तिथले सिफिलिसचे आकडे नुसते बेरजेने मिळायला हवेत ना?

—

समुपदेशक_ताई

मिळत नाहीत, कारण आम्ही रोग मोजत नाही, लक्षणसमूह मोजतो. रंगीत किट असतात. करड्या किटमध्ये स्राव आणि ग्रीवादाहाची (गर्भाशयमुखाच्या सुजेची) औषधं, हिरव्यात योनिदाहाची, पांढरं म्हणजे गुप्तांगावरची जखम, निळं म्हणजे तीच जखम पण पेनिसिलिनची ॲलर्जी, लाल म्हणजे नागीण, पिवळं ओटीपोटाच्या दुखण्याला, काळं जांघेतल्या बदेला. रुग्ण परत येईल याची खात्री नसते, म्हणून रिपोर्टची वाट न बघता त्याच भेटीत किट द्यायचं. पद्धत चांगली आहे, माणूस उपचाराशिवाय परत जात नाही. पण पांढरं किट सिफिलिसलाही जातं आणि शँक्रॉइडलाही. पांढऱ्या किटांची बेरीज म्हणजे सिफिलिसची बेरीज नव्हे.

शिवाय चट्ट्यांच्या टप्प्यातला, जखम नसलेला सिफिलिस या सात रंगांत कुठेच बसत नाही. तो रक्तावरच सापडतो.

—

अस्मानी

रिपोर्ट आले. दोघांचीही टीपीएचए नॉन-रिॲक्टिव्ह. दिराची व्हीडीआरएलही तशीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या हिची महिन्याभराने परत बघू, आणि ल्युपससाठीचीही एक तपासणी करून घेऊ. सासूबाईंनी काल तिच्यासाठी सांदण केलं.

—

प्रयोगशाळेतून

छान. ती ल्युपसवाली तपासणी टाळू नका हं. व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह देणारी प्रतिद्रव्यं कधीकधी रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या आजाराचीही असतात, आणि गरोदरपणात ते माहीत असलेलं बरं.

—

केसपेपर

गणिती, ताईंनी सांगितलं त्यात एक भर. निदान पक्कं करून मोजायचं असेल तर किटचं रजिस्टर आणि शेजारच्या लॅबचं रजिस्टर घेऊन नावं जुळवत बसावं लागतं. आम्ही शिकत असताना प्रबंधासाठी ते केलंय. अडचण अशी की गुप्तरोगाच्या खोलीत बरेच लोक खरं नाव सांगत नाहीत आणि लॅबमध्ये गेल्यावर आधी सांगितलेलं खोटं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही. केसपेपरचा नंबर जुळला तर जुळला.